धावपट्टीवरचे ट्रॅक्टर

रखमाजीचा राग घनसावंगीच्या स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होता. जीपमध्ये जास्तीचा माणूस कोंबला की हा खाली उतरून भांडायचा, आणि भांडण मिटेपर्यंत जीप हलायची नाही. अशा माणसाला विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेनं चौकीदार नेमलं, कारण धावपट्टीखाली त्याचं सगळं रान गेलं होतं. रानाच्या बदल्यात शिट्टी मिळाली. मालकाचा राखणदार झाला, असं लोक चिडवायचे. रखमाजी म्हणायचा, "राखून तर राह्यलो ना? मंग झालं."

आणि राखलंही त्यानं. सोयाबीन वाळवायला पट्टीसारखी जागा तालुक्यात नव्हती. पण सख्खा मेव्हणा धर्मराज पोती घेऊन आला, तर त्यालाही गेटवरून परत लावलं. त्यावरून बायकोचं, पुष्पाबाईचं, माहेर कितीतरी दिवस बोलत नव्हतं.

त्या दिवशी संस्थेच्या मालकांच्या पुतण्याचं लग्न होतं, परतूरच्या रस्त्याला. दुपारी टेम्पो आला आणि पट्टीच्या कडेला मांडायचे दिवे जनरेटरसकट उचलून लग्नाच्या लॉनवर घेऊन गेला. रखमाजी आडवा आला, तेव्हा व्यवस्थापक अण्णासाहेब हसून म्हणाले, "आज रात्रीचं उड्डाण नाही. तू कशाला जीव काढतो?" मग शिकवणारे, कार्यालयातले, झाडून सगळे वऱ्हाडी झाले. रुचि नावाच्या शिकाऊ मुलीला त्यांनीच दुपारी एकटीला लांबच्या फेरीवर धाडलं होतं. जेवणावळीच्या गडबडीत ते कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. घरचं वासरू चुकलं तरी माणूस बॅटरी घेऊन रानोमाळ हिंडतो. आणि हे शहाणे आभाळात गेलेली पोर विसरून जिलबीवर ताव मारत बसले!

अंधार पडला आणि वर घरघर सुरू झाली. विमान यायचं, पट्टीवरून पुढं जायचं, वळून पुन्हा यायचं. रखमाजीनं अण्णासाहेबांना फोन लावला. तिकडं बँड वाजत होता, नुसतंच हॅलो हॅलो झालं. विमानात तेल किती असतं हे त्याला माहीत नव्हतं, पण ते कधीतरी संपतं एवढं कळत होतं. त्यानं गेट सताड उघडलं आणि गावाकडं पळत सुटला.

"ट्रॅक्टर काढा! जल्दी करा!"

सगळ्यात आधी आला तो धर्मराज. मागोमाग बाकीचे आले. पट्टीच्या दोन्ही कडांना ट्रॅक्टर लागले.

"दाजी, तोंडं कुणीकडं करायची?" धर्मराजनं विचारलं.

"इचारून काय राह्यला? ती येऊन राह्यली तिकडं! पाहुण्याला पाठ दाखवतेत का कुठं?"

आपल्याकडं पाहुणा आला की पडलेला माणूसही उठून त्याच्याकडं तोंड करून बसतो. त्याच रीतीनं ट्रॅक्टरचे सगळे दिवे येणाऱ्या विमानावर रोखले गेले. इथंच घोटाळा झाला. टेकता टेकता रुचिचे डोळे दिपले, चाक कडेच्या चारीत उतरलं, पंख मोडला आणि विमान शेजारच्या उसात नाक खुपसून थांबलं. धर्मराजनं दार ओढून तिला बाहेर काढलं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, पोर थरथरत होती, पण जिवंत होती. पुष्पाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्या लग्नघराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एकही शिवी वाया गेली नाही.

मग चौकशी बसली. जबाबाच्या आदल्या दिवशी अण्णासाहेबांनी रखमाजीला बाजूला घेतलं. "गावकऱ्यांनी गेट तोडून ट्रॅक्टर घातले, एवढंच सांग. तुझी नोकरी शाबूत राहील. गावात पोलीस येतील, जातील." रखमाजीच्या घरात या नोकरीशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

चौकशीच्या साहेबांनी विचारलं, "गेट कुणी तोडलं?"

"तोडलं न्हाई. मी उघडलं. ट्रॅक्टर मी बोलावले, तोंडं बी मीच तिकडं करायला लावली. पोरीच्या डोळ्यावर उजेड गेला. ती चूक बिलकुल माझी. लिवा."

साहेबांनी भराभर लिहिलं.

"आता हे बी लिवा. पट्टीचे दिवे लग्नात गेल्ते."

साहेबांचा पेन थांबला. अण्णासाहेब पंख्याकडं बघू लागले.

"ते या चौकशीत येत नाही," साहेब म्हणाले.

हात गळ्यात बांधून रुचि कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "सर, यांचे ट्रॅक्टर नसते तर मला पट्टीच दिसली नसती."

"तुम्हाला विचारल्यावर बोला." साहेबांनी कागद रखमाजीपुढं सरकवला. "सही कर."

ज्यांनी अंधार केला ते खुर्चीवर, आणि ज्यानं उजेड आणला तो उभा! रखमाजीच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. पण तो ओरडला नाही.

"साहेब, ह्याच्यात दिव्याला जागा न्हाई, तर माझ्या सहीला बी न्हाई."

तो तसाच बाहेर पडला. नोकरी अर्थातच गेली. पुढं अहवाल आला. त्यात गेट होतं, ट्रॅक्टर होते, रखमाजीचं नाव तर पानोपानी होतं. लग्नात गेलेल्या दिव्यांबद्दल एक ओळसुद्धा नव्हती.