मावशीची बेचाळीस डोकी

माझी मावशी एकवीस वर्षं सहलींची गाईड आहे. समुद्रकाठच्या हॉटेलांमधल्या लोकांना सकाळी बसमध्ये भरायचं, जुनं दगडी गाव दाखवायचं, जेवणं झाली की किल्ला, आणि दिवेलागणीच्या आत परत. इतिहास तिला तोंडपाठ आहे. तिला रोज धास्ती वाटते ती मोजणीची. शेवटच्या सीटपासून पुढे येत, प्रत्येक सीटच्या पाठीला हात लावत ती डोकी मोजते. टकला ड्रायव्हर म्हणतो, ताई, माझं मोजू नका, त्यावर काही उरलेलं नाही.

किल्ला पाण्यात आहे. ओहोटीला फरसबंदी वाट उघडी पडते, भरतीला तिच्यावर पुरुषभर पाणी चढतं. म्हणून साडेचारला बस हलायलाच हवी.

त्या दिवशी बेचाळीस बरोबर भरले. बस निघाली. वीसेक मिनिटांनी एक जाडजूड गृहस्थ पुढे आले आणि आपला तो मिशीवाला गाईड कुठे गेला, असं विचारू लागले. मिशीवाला दुसऱ्या कंपनीचा. त्याचीही बस पांढरीच, किल्ल्यापाशी शेजारीच उभी होती. हे गृहस्थ चुकून इकडे चढले होते. म्हणजे बेचाळिसात एक परका, आणि आपलं एक माणूस कमी.

तिने मागे जाऊन एकेक चेहरा पाहिला. सकाळी खिडकीपाशी बसलेले, एकटेच आलेले आजोबा नव्हते. त्यांना ऐकू जवळजवळ येत नव्हतं, आणि मोबाइल त्यांनी कधी घेतलाच नव्हता.

तिने मिशीवाल्याला फोन लावला. तो निवांत होता. माझे अडतीस बरोबर आहेत, म्हणाला. तसं असेल तर नुसती अदलाबदल झाली होती, आजोबा त्याच्याकडे सुखरूप होते. पण मावशी त्याला चांगली ओळखून होती. तो जागेवरून न हलता, आरशात बघून आकडा ठोकतो.

"मोजलेस की नुसतं म्हणतोयस?"

"अगं ताई, इतकी वर्षं झाली..."

"ऊठ आणि मोज. मी फोन धरते."

फोनमधून त्याची पावलं ऐकू आली, मागे गेलेली आणि परत आलेली.

"सदतीस," तो म्हणाला.

ड्रायव्हरने न सांगताच बस वळवली. मागे कुरबुर सुरू झाली. एका माणसापायी सगळ्यांना शिक्षा का, असं एक बाई म्हणाल्या, तर त्यांच्या नवऱ्यानेच त्यांना गप्प केलं. किल्ल्याच्या दरवानाचा फोन वाजून वाजून थांबत होता. भरतीआधी कुलूप लावून तो घरी जातो, हे मावशीला माहीत होतं.

पोचले तेव्हा वाट मधोमध बुडालेली. पलीकडच्या पायऱ्यांवर आजोबा उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. मावशी ओरडली. व्यर्थ. तिने थांबा म्हणून दोन्ही हात वर केले. आजोबांना वाटलं, बोलावतायत. त्यांनी हसून हात हलवला आणि एक पाय पाण्यात टाकला.

ड्रायव्हर धावत निघाला, तिने त्याचा शर्ट धरला. समोरून कोणी येतंय म्हटल्यावर आजोबा थांबले नसते, अजून झपाझप आले असते. मग ती तिथेच ओल्या दगडांवर मांडी घालून बसली. पर्स मांडीवर घेतली. चेहरा असा की जणू इथे बसायचं सकाळीच ठरलं होतं.

आजोबा थबकले. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय मागे घेतला, वरची पायरी हाताने झटकली आणि तेही बसले.

तिथूनच फोन करून तिने नाववाल्याला बोलावलं, पण त्याला यायला तासभर लागणार होता. ड्रायव्हर बाकीच्यांना घेऊन गेला. आपण उठलो तर तेही उठतील, या भीतीने मावशी जागची उठली नाही. पाणी चपलांपर्यंत आलं, तशी ती बसल्या बसल्याच मागे सरकली.