सुमंगलाबायची पासष्ट नावं

सुमंगला मूळची इब्रामपूरची. डिचोलीच्या हायस्कुलात ती सत्त्याहत्तर साली कारकून म्हणून लागली आणि पहिल्याच आठवड्यात शाळेचं मोठं रजिस्टर तिच्या ताब्यात आलं. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, गाव त्यात. त्या रजिस्टराला तिने एक शिरस्ता घालून दिला. ज्याला पाहायचं असेल त्याने यावं, समोरच्या कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसावं, ती पान उघडील आणि बोट ठेवील ती ओळ वाचावी. लेखणी मात्र तिचीच. पाच हेडमास्तर आले नि गेले, लेखणी दुसऱ्या हातात गेली नाही.

सत्त्याऐंशीत गोवा राज्य झालं, तेव्हा शाळेत ‘गोवा, दमण आणि दीव’ छापलेल्या फॉर्मांचे गठ्ठे शिल्लक होते. टाकून देणं तिच्या जिवावर आलं. पट्टी धरून लाल शाईने ‘दमण आणि दीव’ खोडण्यात तिचे चार महिने गेले. त्याआधी भाषेच्या भांडणात शिक्षकांच्या खोलीत मराठीवाले एका जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, आणि कोकणीवाले दुसऱ्या जनेलाकडे बसत. कोणी तिला विचारलं, “सुमंगलाबाय, तुमची बाजू खंयची?” तर ती म्हणायची, “पोराचं नाव बरोबर लिहिणं, ही माझी बाजू.”

अशा बाईच्या मेजावर दोन हजार चार साली काँप्युटर आला. एक तिच्याकडे, एक हेडमास्तर कृष्णनाथ सरांकडे, आणि तिसरा, ज्याला सर्व्हर म्हणायचे, तो प्रयोगशाळेमागच्या खोलीत. काँप्युटर शिकवणाऱ्या साईश सरांनी रजिस्टर त्या तिसऱ्यात नेऊन ठेवलं. सुमंगलाने पहिल्या दिवशी एक आडनाव सुधारायला घेतलं, तर यंत्राने इंग्रजीत कळवलं की तुम्हाला हे वाचता येईल, लिहिता येणार नाही.

तिला वाटलं, नोकरी गेली.

साईश धावत आला. “बाय, चूक माझी. मी तुमका शिक्षकांच्या यादीत घातलं. देवळात कसं? दर्शन सगळ्यांना, गर्भकुडीत फक्त भट. तसंच हें.”

“आणि मी कोण रे?”

“आता भट. एकट्या तुम्हीच.”

“आणि सर?”

कृष्णनाथ सर दारातूनच हात हलवत म्हणाले, “माका दर्शन पुरे. माझा हात लागला तर सगळी शाळा पुसून जायची.”

इथवर तिला समजलं. शिरस्ता तिचाच होता, फक्त बोटाच्या जागी यंत्र आलं होतं. पण त्याच दिवशी साईशने आणखी एक गोष्ट केली. मागच्या खोलीपर्यंतची तार अधूनमधून सैल होई, म्हणून त्याने सांगितलं, “बाय, तुमच्या काँप्युटरात यादीची एक प्रत ठेवतंय. लाइन गेली तरी तुमचं काम अडणार नाही. लाइन आली की दोघं मेळ घालतील.” ती ‘बरं’ म्हणाली. काय बरं, ते तिला कळलं नव्हतं.

डिसेंबर महिना होता. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्यांची यादी पर्वरीला बोर्डात पोचवायचा शेवटचा दिवस. सकाळीच सोनाबाई आली. चंदगडकडची, इथे इमारतीच्या कामावर विटा वाहणारी. तिची अमृता वर्षाच्या मध्येच या शाळेत आली होती आणि तिला परीक्षेला बसू देण्याचं मंजुरीपत्र आदल्या दिवशी शाळेच्या हातात पडलं होतं.

“बाई, पोरीचं नाव घातलंसा नव्हं? वरीस वाया गेलं तर तिचा बाप तिला माघारी गावाकडं धाडतोय. मग कसली शाळा नि काय.”

“आज घालते. चार वाजता ये, छापलेलं दाखवते.”

दीड वाजता शाळा सुटली, सर जेवून पडायला घरी गेले, सुमंगला थांबली. उंडो पाव आणि पातळ भाजी खाऊन तिने यादी उघडली. चौसष्ट नावं होती. अकरा नावांतल्या बारीकसारीक चुका दुरुस्त केल्या आणि शेवटी पासष्टावं नाव घातलं: अमृता संतोष. आडनाव, जन्मतारीख, सगळं मंजुरीपत्राशी दोनदा ताडून पाहिलं. यादी ठेवली, बंद केली, पुन्हा उघडून पाहिली. पासष्ट.

सव्वातीनला सरांनी हाक मारली. छापायचं यंत्र त्यांच्या मेजावर होतं आणि ते त्यांच्याच काँप्युटरचं ऐके.

“बाय, ती मुलगी राहिली.”

“राहिली कशी? घातली.”

“चौसष्ट आहेत.”

ती गेली. चौसष्टच होती. अकरा चुकाही जशाच्या तशा. ती आपल्या मेजाकडे परतली. पासष्ट. सर तिच्यामागून आले, चष्मा वर करून वाचलं, “पासष्ट,” म्हणाले, आणि आपल्या खोलीत जाऊन तिथून ओरडले, “चौसष्ट!”

शिपाई गोपाळ यादी घेऊन चारच्या बसने जायचा होता. तो चपला घालून उभा होता. “भुताटकी,” तो म्हणाला.

“गप रे,” सुमंगला म्हणाली, पण तिच्याही मनात तेच आलं होतं. सत्तावीस वर्षांत तिने एकच रजिस्टर दोन तोंडांनी बोलताना पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आपण दुपारी खरंच लिहिलं का? की डुलकी लागली आणि लिहिल्याचं स्वप्न पडलं?

“हाताने लिहा शेवटी,” सर म्हणाले.

“खाडाखोड, हाताची ओळ, बोर्डवाले काही घेत नाहीत. सर, उठा.” ती त्यांच्या कदेलीवर बसली, आपल्या नावाने यंत्रात शिरली आणि सगळं पुन्हा करायला घेतलं. पण सवय ती सवय. वरून खाली, क्रमानेच. चौथं नाव सुधारून ठेवलं, तोवर सरांनी साईशला फोन लावला. तो रजेवर होता, मोरजीला बहिणीच्या लग्नात. मागे सनई वाजत होती, म्हणून तो सगळ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडून बोलत होता.

“दुपारी लाइन गेली होती का, बाय?”

“नाही. पंखा चालू होता.”

“तशी नव्हे. मागच्या खोलीतली तारांची डबी कोणी बंद केली?”

सगळ्यांनी गोपाळकडे पाहिलं.

“मी रोज बंद करतंय,” गोपाळ म्हणाला. “दीडला बंद, तीनला चालू. यंत्राक पण दुपारची नीज नको? मागे वीज पडून टेलिफोन जळलो, तेव्हापासून त्या खोलीतली सगळी बटनां मीच बंद करतंय.”

फोनवर साईश हसला की रडला, कळलं नाही. “बाय, तुम्ही दुपारी लिहिलं तें तुमच्या प्रतीत. मागच्या खोलीत पोचलंच नाही. आता तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक काँप्युटरचं चित्र दिसतं ना, तें दाबा. लाइन आली तरी तें दाबल्याशिवाय मेळ बसत नाही.”

“पण आत्ताच मी सरांच्या काँप्युटरवरून चौथं नाव सुधारलं.”

साईश म्हणाला, “कित्याक केलं, बाय? आता दोन्हीकडे बदल झाला. यंत्र विचारणार, कुठली ठेवू. नीट वाचा हां...” आणि फोन तुटला. परत लावला, लागला नाही.

चाराला वीस मिनिटं होती. सुमंगला आपल्या मेजावर आली आणि बारीक काँप्युटर दाबला. यंत्राने खरंच विचारलं: तुमची ठेवू, मागच्या खोलीतली ठेवू, की दोन्ही?

“तुमची दाबा,” सर म्हणाले.

“माझी कुठली? इथली मी लिहिली. तिथलं चौथं नावही मीच लिहिलं. दोन्ही माझ्याच आहेत.”

“इथली म्हणजे तुमची.”

“तुम्हाला खात्री आहे?”

सरांनी विचार केला. “नाही,” ते म्हणाले.

चुकीचं बटण लागलं तर अमृता पुसली जाणार, आणि पुन्हा अकरा नावांसकट लिहायला वेळ नव्हता. रजिस्टराचं चुकलेलं पान तिने कधी फाडलं नव्हतं. त्यावर तिरकी रेघ मारून ती पुढच्या पानावर लिहायची. तिने ‘दोन्ही’ दाबलं.

“आता बघा, सर.”

सर आपल्या खोलीत गेले आणि पडद्यावर वाकले. मग, “बाय, इथे दोन याद्या झाल्या. एकीला तुमचं नाव चिकटलंय.”

“ती उघडा. खाली जा. शेवटपर्यंत.”

“त्रेसष्ट... चौसष्ट...” ते थांबले. “अमृता संतोष.”

यंत्र करकरत छापू लागलं. सुमंगलाने गरम कागदावर बोट ठेवून पासष्टही नावं मोठ्याने वाचली, सरांनी सही केली, शिक्का मारला, आणि गोपाळ पिशवी छातीशी धरून बसकडे पळाला.

सोनाबाई आली तेव्हा सव्वाचार झाले होते. हाताला सिमेंट तसंच होतं. सुमंगलाने शाळेची प्रत पुढे केली आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ह्येच व्हय?”

“हेच.”

“आन् त्या यंत्रात? तितं बी गेलं न्हवं आत?”

सुमंगलाने पडद्याकडे पाहिलं. तिथे दोन याद्या एकाखाली एक उभ्या होत्या आणि त्यांतली खरी कुठली, ते तिला अजून सांगता आलं नसतं.

“यंत्राचं मला कळत नाही गे,” ती म्हणाली. “कागद बसमध्ये चढला, तेवढं मी जनेलातून पाहिलं. तू पोरीला अभ्यासाला बसव.”