मोजपट्टीचे साठ अर्ज

खोटं कशाला बोलू, माझ्या नणंदेला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ही मुकी आहे. हसू नका! लग्न होऊन मी या घरात आले आणि तीन दिवस ही बाई एक अक्षर बोलली नाही. नुसती कोपऱ्यात बसून बघायची. मी मनात म्हटलं, बरं झालं, नणंद म्हणून गरीब गाय मिळाली. चौथ्या दिवशी गाय गालात हसली आणि बोलली.

"वहिनी, तुम्ही माहेराहून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे."

म्हणजे तीन दिवस ती माझं घड्याळ तपासत होती! मी म्हटलं, "आमच्या माहेरची घड्याळं बरोबरच असतात. तुमचं घरच मागे आहे." या गोष्टीला बावीस वर्षं झाली. भांडण अजून चालू आहे, घड्याळही चालू आहे.

तेव्हापासून तिला घरात सगळे मोजपट्टी म्हणतात. नाव अर्थात मीच ठेवलं. लग्न नाही केलं तिने. एका ठिकाणी जमत आलं होतं, तर हिने त्या गृहस्थाला विचारलं, "पाच फूट आठ इंच सांगितलंत, ते बुटासकट का?" तो जो उठला, तो चहाही अर्धा टाकून गेला.

तर मोजपट्टी मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. दर वर्षी निकाल लागला की सगळ्या गावाची यादी घेऊन बसायची. पहिल्या विसांत मुलगे किती, तर तीन. बाकीचे कुठे? मोबाइलच्या दुकानासमोर, उभ्या मोटरसायकलवर आडवे. हिच्या डोक्यात किडा शिरला, की फक्त मुलांची एक सरकारी शाळा काढायची. आठवीत आत घ्यायचे आणि बारावीला थेट कॉलेजच्या दारात नेऊन सोडायचे. चार वर्षं अर्ज खरडत होती.

मी म्हटलं, "अगं, वीस वर्षं मुलींना शिकवलंस, त्यानं जीव नाही भरला? आता पोरांचे मोजे हुंगायला निघालीस?"

"मुली शिकतातच, वहिनी. मला न शिकणारे हवेत."



शेवटी मंजुरी आली, पण मेख मारून. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत साठ मुलांचे अर्ज, आईबापाच्या सहीसकट, कचेरीत द्यायचे. नाही दिले तर मंजुरी रद्द. शाळेसाठी दिलेली इमारत, म्हणजे एक बंद पडलेला शिलाईचा कारखाना, तोही परत. तिथे कचेरीच्या मोडक्या खुर्च्या ठेवणार. आणि मुलींच्या शाळेतली हिची जागा तोवर दुसऱ्या बाईला देऊन झाली होती. म्हणजे अर्ज भरले नाहीत तर शाळाही गेली नि नोकरीही गेली. दिवसभर घरात बसून माझं घड्याळ बघणार. मला काळजी नको वाटायला?

आधी ती दारोदार फिरली. पोरं मागच्या भिंतीवरून पसार. बाप म्हणायचे, "विचार करून सांगतो." दहा दिवसांत अर्ज मिळाले अकरा. अकराव्या दिवशी मोजपट्टी सरळ न्हाव्याच्या दुकानात जाऊन बसली.

"अगं, लोक काय म्हणतील? बायकांचं काय काम तिथे?"

"वहिनी, पुरुष वीस मिनिटं एका जागी गप्प बसतो, अशी दुसरी जागा दाखवा. मी तिथे जाते."

बघायला मीही गेले. न गेले तर मी कसली? खुर्चीत एक ट्रकवाला, गळ्यात कापड, गालभर फेस. हलायची सोय नाही. शेजारच्या स्टुलावर आमची बाई, मांडीवर अर्जांचा गठ्ठा.

"पोराला कॉलेज कशाला हवंय बाई? मी कुठे गेलो होतो?" ट्रकवाला फेसातून म्हणाला.

"हलू नका, लागेल," न्हावी म्हणाला. तो पहिल्या दिवसापासूनच फितूर होता. त्याचा धाकटा अर्जात पहिला.

"घरी सरकारी कागद आला तर वाचतं कोण?" मोजपट्टीने विचारलं.

"पोरगी वाचते."

"आणि ती शहरात नोकरीला गेल्यावर?"

ट्रकवाल्याने आरशात स्वतःकडे पाहिलं. मग कापडाखालून एक हात बाहेर आला. "द्या ते पेन. पण आधी याला डावा कल्ला सारखा करायला सांगा. आपलं बोलणं ऐकता ऐकता वर चढवलाय त्याने."

अशा सह्या जमत गेल्या. काहींवर साबण सांडलाय, काहींना केस चिकटलेत. शुक्रवारी सकाळी चोपन्न झाले. ते तरी देऊन टाकू म्हणून दहाच्या ठोक्याला आम्ही कचेरीच्या खिडकीशी हजर. कारकून डुलत डुलत आला, हजेरीच्या वहीत सही ठोकली आणि म्हणाला, "सुटे घेत नाही. साठ झाले की या."

मग काय, दिवसभर पुन्हा न्हाव्याकडे. साठावी सही पावणेपाचला झाली, तीही अर्ध्या दाढीवर. आम्ही धावलो. मी धावले म्हणजे काय झालं असेल, कल्पना करा. पिशवी छातीशी धरून पोचलो, तर कारकून खिडकी लावतोय!

"पाच वाजून तीन मिनिटं झाली," त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. "सोमवारी या."

"सोमवारी मंजुरी उरणार नाही."

"मी काय करू? ही कचेरी या घड्याळावर चालते."

चार वर्षं, दारोदारची पायपीट, साबणाचे साठ कागद, सगळं त्या तीन मिनिटांत बुडालं म्हणायचं. मी रडायच्या बेतात. आणि मोजपट्टी? तिच्या चेहऱ्यावर मी या घरात आल्यानंतरच्या चौथ्या दिवसाचं हसू!

"याच घड्याळावर चालते ना? नक्की?"

"नक्की."

"मग सकाळी तुम्ही आलात तेव्हा यात दहा वाजून सहा मिनिटं झाली होती. मी इथेच उभी होते. तुम्ही मनगटावर पाहून वहीत लिहिलंत नऊ अठ्ठावन्न. काढा वही."

कारकुनाचा हात खिडकीवरच थांबला.

"भिंतीवरचं बरोबर असेल तर तुम्ही उशिरा आलात आणि वहीत खोटं लिहिलंत. मनगटावरचं बरोबर असेल तर आत्ता वाजलेत चार पंचावन्न. कुठलं ठेवायचं, तुम्ही ठरवा. मला दोन्ही चालतील."

कारकुनाच्या मागे आतल्या खोलीत साहेबांची खुर्ची करकरली. कारकुनाने एकदा मागे पाहिलं, एकदा मनगटाकडे पाहिलं आणि खिडकी पुन्हा उघडली.

"आणा."

त्याने साठही मोजले. बोटाला चिकटलेले केस झटकत झटकत मोजले.

"पोच द्या," मोजपट्टी म्हणाली. "तारीख, शिक्का. आणि वेळ घाला."

"वेळ कशाला?"

"घाला हो. चार अठ्ठावन्न. दोन मिनिटं तुम्ही मोजण्यात घालवलीत आणि एक मिनिट माझ्याशी वाद घालण्यात."

शाळा सुरू झाली, साठ पोरं आत गेली, ते सगळं नंतर. त्या संध्याकाळी घरी येऊन मी पंख्याखाली पाय पसरले. मोजपट्टीने मला पाणी दिलं, भिंतीकडे पाहिलं आणि मनगट पुढे केलं.

मी गुपचूप स्टुलावर चढले आणि माझ्या माहेरचं घड्याळ सात मिनिटं मागे केलं.

"आठ करा, वहिनी," खालून आवाज आला. "बावीस वर्षांत एक मिनिट आणखी पुढे गेलंय."