ओठांतली पेन्सिल

अँटेना हे नाव तिनं स्वतःच ठेवलं. कानामागच्या यंत्रावरून. "लोक मागून काहीतरी म्हणणारच. त्यापेक्षा मीच पुढून म्हणते." मागून म्हटलेलं तिला ऐकू येत नाही, ही गोष्ट वेगळी.

यंत्रातून तिला नुसता गलका ऐकू येतो. शब्द ती ओठांवरून वाचते. हे शिक्षण आईच्या शिलाई मशीनसमोर झालं. आई दिवसभर ओठांत टाचण्या धरून बोलते. गिऱ्हाइकाशी, शेजारणीशी, भांडतानासुद्धा.

आमच्या विभागप्रमुखांचं 'टेबलफॅन' हे बारसंही तिनंच केलं. बोलताना त्यांची मान डावीकडून उजवीकडे फिरते. तिच्या वाट्याला मधले दोन शब्द येतात. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत तिनं त्या दोन शब्दांवरच उत्तरं दिली. लेखीत वर्गात पहिली, तोंडीत नापास. यंदाही तेच झालं तर पदवी हातची जाणार होती.

तिनं अर्ज दिला. प्रश्न लिहून द्या.

"लिहून दिला की ती लेखी झाली," टेबलफॅन म्हणाले. "तोंडी म्हणजे तोंडी."

"मग तोंड तरी माझ्याकडे करा." तिचा आवाज तिला कळत नाही. बाहेर बसलेल्या शिपायानंही मान वर केली.

तेवढं मंजूर झालं. सरांच्या तोंडावर खिडकीचा उजेड, आणि तिच्या सोबतीला मी. मी काही बोलायचं नाही, ही अट.

दुसऱ्या विद्यापीठातून एक परीक्षक बाई आल्या होत्या. टेबलफॅन खिळे ठोकल्यासारखे ताठ बसले. मग त्यांनी दाढ दाखवायला आल्यासारखा जबडा उघडला. "का… दं… ब… री…" आरशासमोर सराव केला होता म्हणे.

अँटेना बघत राहिली. "सर, पडजीभ दिसतेय. प्रश्न दिसत नाही."

मी जमिनीकडे पाहिलं. संपलं, म्हटलं.

तिनं टेबलावरच्या दोन पेन्सिली पुढे सरकवल्या. "ओठांत धरा आणि नेहमीसारखं बोला. माझी आई तशीच बोलते."

"मी काय शिंपी आहे?"

"असता तर मी गेल्याच वर्षी पास झाले असते."

परीक्षक बाई खुदकन हसल्या. एक पेन्सिल त्यांनी ओठांत धरली आणि काहीतरी पुटपुटल्या. मला ओ की ठो कळलं नाही. अँटेना मात्र बोलायला लागली ती थांबेचना. शेवटी टेबलफॅननीही दुसरी पेन्सिल उचलली. प्रश्नाबरोबर लाळ टायवर गळली. अँटेनाला प्रश्न कळला.

पास.

घरी आई मशीनवर होती. निकाल ऐकून तिनं टाचण्या काढल्या, उशीत खोचल्या. तिचं मोकळं तोंड मी पहिल्यांदाच पाहिलं. ओठ थरथरत होते. ती काहीतरी म्हणाली.

"काय?" अँटेनानं विचारलं.

आईनं पदरानं डोळे पुसले. उशीतल्या टाचण्या परत ओठांत धरल्या आणि पुन्हा म्हणाली.