कॅसेटवर नसलेलं गाणं

युनुसभाई तांडेल यांची आणि माझी पहिली भेट झाली ती आमच्या दार्सैतच्या घरातल्या एसीमुळे. लग्न होऊन मी मस्कतला नुकतीच आले होते, ऐन उन्हाळा होता आणि खिडकीतल्या एसीने मान टाकली होती. यजमानांनी कुणाला तरी फोन केला, आणि थोड्या वेळाने एक उंच, सडपातळ गृहस्थ हत्यारांची पेटी घेऊन दारात उभे राहिले. ते रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचे आहेत हे कळल्यावर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. काम करताना ते काहीतरी गुणगुणत होते. चाल ओळखीची नव्हती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, माझंच आहे, अजून कच्चं आहे. मी ‘छान आहे’ म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले. न ऐकता छान म्हणायची माझी सवय इतकी जुनी आहे.

युनुसभाई यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत, आणि त्यानिमित्त मस्कतच्या आपल्या मराठी मंडळाने काढलेल्या या गौरव अंकाचं संपादन माझ्याकडे आलं. अंक जाहीर केल्यापेक्षा बऱ्याच उशिरा आपल्या हातात पडतो आहे. त्याचं कारण छापखाना नाही, आम्ही आहोत. ते सांगण्याआधी ज्या कामासाठी हा सगळा सोहळा आहे, त्याविषयी लिहिते.

ज्या एसी दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये ते नोकरीला होते, तिथल्या कामानिमित्त युनुसभाईंचं एका कृष्णवर्णीय अमेरिकन शिक्षकांच्या घरी जाणं-येणं होतं. त्या घरी त्यांनी सोल संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या. भाषा पुरती कळत नव्हती. पण हा गाणारा माणूस आपल्या वस्तीच्या हलाखीबद्दल बोलतोय, कुणाला तरी जाब विचारतोय आणि तरीही आवाज चढवत नाही, हे त्यांना कळलं. इतक्या गोड आवाजात भांडता येतं हे मला माहीतच नव्हतं, असं ते सांगतात. पुढे मत्रहच्या सूकमागे, म्हणजे जुन्या बाजारामागे, एका कॅसेटच्या दुकानातल्या आतल्या खोलीत त्यांनी स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित केली. गिटारवर एक गोव्याचे मित्र होते. ताल धरायला त्यांचे अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचे ओमानी मालक, स्वतः ढोल घेऊन बसले होते. कॅसेटचं नाव ‘उन्हाची पाळी’. कोकणातल्या मुसलमानी बोलीत, आखातात राबणाऱ्या माणसांविषयी, सोलच्या ढंगाने गायलेली ती गाणी तेव्हा आपल्यात कुणीच केली नव्हती.

आपण त्या गाण्यांचं स्वागत कसं केलं, हे आपल्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. मंडळाच्या वार्षिक अंकात अर्ध्या पानाचं परीक्षण आलं होतं. सूर बरा आहे, पण विषय रडके आहेत आणि सणासुदीला शोभणारे नाहीत, असा त्याचा मथितार्थ. त्या वर्षी गणेशोत्सवात युनुसभाईंना गायला बोलावलं नाही. बोलावलं ते आरतीच्या आधी हॉलचा एसी बंद पडला म्हणून. ते आले, शिडीवर चढले, हॉल गार करून दिला आणि स्टेजवरचा कार्यक्रम शेवटच्या रांगेत बसून संपेपर्यंत पाहिला. प्रसाद घेऊन गेले. मी तेव्हा स्टेजवर निवेदन करत होते, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बऱ्याच वर्षांनी वारं फिरलं. एका ज्येष्ठ सभासदांनी वार्षिक अंकात लिहिलं की ‘उन्हाची पाळी’ हा आखातातल्या मराठी माणसाचा आवाज आहे, आणि ती गाणी ऐकताना आईचं पत्र वाचल्यासारखं वाटतं. पुढच्या अंकात दुसऱ्यांनी लिहिलं की त्यातलं ‘आईचं पत्र’ हे गाणं तर काळजाला हात घालतं. मग मुंबईच्या एका साप्ताहिकाने आपल्या मंडळाच्याच अंकावरून लेख केला आणि ‘आईचं पत्र’ अजरामर ठरवलं. मुंबईने मान डोलावल्यावर आपण काय, डोक्यावरच घेतलं. तोवर कॅसेट बाजारात मिळेनाशी झाली होती, त्यामुळे कौतुकाला काही अडसरही राहिला नाही. मी स्वतः स्टेजवरून सांगितलं आहे की ‘आईचं पत्र’ ऐकताना माझे डोळे दर वेळी भरून येतात. समोर युनुसभाई बसले होते. त्यांनी हात जोडले होते.

या अंकाच्या मलपृष्ठावर त्या गाण्याचे शब्द छापावेत असं मी ठरवलं. कॅसेट माझ्याकडे होती. प्रकाशनाच्या वेळी भिडेखातर घेतली होती. कपाटातून काढली तर तिच्यावरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता. एका शेजाऱ्यांकडून जुना टेप आणला, वही घेऊन बसले आणि दोन्ही बाजू ऐकल्या. पुन्हा ऐकल्या. ‘आईचं पत्र’ नावाचं गाणं त्या कॅसेटवर नाही. आईवरचं एकही गाणं नाही. पत्राचा उल्लेखही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जे आहे ते वेगळंच आहे. ‘काच खाली करा’ नावाचं एक गाणं आहे. भर दुपारी सिग्नलला बिनएसीची कामगारांची बस उभी आहे आणि शेजारी एक गार गाडी. गाडीत पुढे छोटा गणपती आहे, मागे शाळेतून घरी चाललेली मुलं आहेत. बसमधला माणूस त्या गाडीत मराठी गाणं वाजताना ऐकतो आणि म्हणतो, ‘साहेब, काच खाली करा, गाव तरी विचारा.’ एवढंच मागणं. सिग्नल सुटतो, काच काही खाली होत नाही. तशी गाडी आमची होती, तसा गणपती होता, आणि मागच्या सीटवर बसणारी मुलंही आमचीच. आपल्याला जाब विचारणाऱ्या माणसाच्या तोंडी आपण आईचं गाणं घातलं आणि त्यावर रडून मोकळे झालो.

मी हे कार्यकारिणीला सांगितलं. अंकासाठी आलेल्या बहुतेक लेखांत त्या गाण्याची स्तुती होती आणि सत्काराच्या कार्यक्रमपत्रिकेवर युनुसभाई तेच गाणार असंही ठरलं होतं. मग कुणी म्हणालं, जाऊ दे, कुणाला कळणार आहे. एकांनी तर असंही सुचवलं की युनुसभाईंनाच सांगावं, आईवर एखादं गाणं बसवा, अजून वेळ आहे. खोटं कशाला सांगू, क्षणभर मलाही ते बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. या घरी मी अनेकदा गेले आहे. माझे यजमान आजारी असताना वर्कशॉपमधून सुट्टी घेऊन युनुसभाई आमच्यासोबत हॉस्पिटलात बसून राहिले होते. दूर इब्री गावी कामगारांच्या एका खोलीतला एसी बंद पडल्याचं कळलं तेव्हा सुट्टीच्या शुक्रवारी ते तिथवर गेले, आणि परतताना आमच्यासाठी खजूर घेऊन आले, हेही मला या दिवाणखान्यातच कळलं होतं. त्या दिवशी मात्र मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. त्यांच्या पत्नी हमीदाभाभींनी चहा ठेवला. मी सगळं सांगितलं, न उघडलेल्या कॅसेटसकट.

युनुसभाईंनी आपला कप खाली ठेवला. मग म्हणाले, “बाय, तुजी वाट बगत होतो. म्हणजे कुणाचीबी. कुणीतरी येल आनि बोलेल, ह्या नावाचा गाणा नाय. मग मना कळेल, कुणीतरी ऐकलान.”

मी विचारलं, तुम्ही इतकी वर्षं सांगितलं का नाही.

“तारीफ करनाऱ्याला कसा सांगायचा, तू ऐकलाच नाय म्हणून? त्याला शरम वाटेल ना.”

आमची लाज राखण्यासाठी हा माणूस आमच्यासमोर हात जोडून बसत होता. भाभींनी माझा गार झालेला चहा उचलून नेला आणि दुसरा आणून दिला.

त्यानंतर अंक थांबवला. लेख लिहिणाऱ्या प्रत्येकाला आमच्या घरी बोलावून कॅसेट ऐकवली आणि लेख परत दिला. काहींनी तो पुन्हा लिहिला, काहींनी मागे घेतला. जे नव्याने आले ते आधीपेक्षा लहान आहेत, आणि त्यांत विशेषणं कमी आहेत. मूळच्या परीक्षणाचे लेखक आज हयात नाहीत, पण निदान त्यांनी गाणी ऐकून नापसंत केली होती, हे नमूद करणं मला न्यायाचं वाटतं. कार्यक्रमपत्रिका बदलली आहे. युनुसभाई ‘काच खाली करा’ गाणार आहेत. त्यांनी एकच विनंती केली की ज्यांच्यासाठी ते गाणं लिहिलं त्या कामगारांच्या खोल्यांमधल्या माणसांनाही बोलवावं आणि खुर्च्या पुढच्या द्याव्यात. त्या दिल्या आहेत. आपण सर्वांनी मागे बसायचं आहे, आणि त्या दिवशी हॉलच्या एसीची काळजी दुसरं कुणीतरी घेईल.

युनुसभाई, आपल्याला उत्तम आरोग्य लाभो, हमीदाभाभींची साथ अशीच राहो आणि आवाजातला तो गोडवा टिको. इन्शाल्ला शंभरी गाठा. आम्हांला ऐकायला फार वेळ लागतो, म्हणून आपल्याला भरपूर आयुष्य मिळो.