जाईचा पाला आणि मामेसासरे

खालापूर तालुक्यात कुणाचं तोंड आलं आणि ते आमच्या मामेसासऱ्यांना कळलं नाही, असं कधी झालं नसेल. तालुका मोठा आहे आणि मी मोजदाद केलेली नाही, तेव्हा हे विधान थोडं सैल धरावं. पण त्यांच्या गावापुरतं ते मी खात्रीने सांगतो. माणूस आमटी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलतोय, चहा फुंकून फुंकून पितोय, एवढं त्यांना पुरे. त्यांची सगळी नोकरी रसायनीच्या एका कारखान्यात बॉयलरवर झाली. चहूबाजूंना औषधांची रसायनं तयार होत असताना हे गृहस्थ डब्याच्या पिशवीत जाईचा पाला घेऊन जायचे आणि पाळी सुटली की कुणी तोंड वाकडं करून बिडी ओढतोय का, हे गेटवर उभं राहून बघायचे.

उपाय त्यांच्याकडे बरेच होते. पेरूच्या कोवळ्या पानांच्या गुळण्या, कच्चं तोंडलं, ओल्या खोबऱ्याचा तुकडा, झोपताना बोटभर तूप. पण ते बायकापोरांसाठी. बाप्यांना जाईचा पालाच. न्हाणीच्या छपरावर चढलेली वेल होती. तिची पानं धुऊन ते आपल्या हाताने तळव्यावर ठेवत. चावायची, गिळायची नाहीत, लाळ गळू द्यायची. पंधरवड्यात बरं वाटलं नाही तर पाला बंद. मग ते स्वतः त्या माणसाला डॉक्टरच्या दारात नेऊन बसवत. या नियमाला अपवाद मी पाहिला नाही. आणि मुख्य पथ्य म्हणजे, पाला तोंडात असेपर्यंत बोलायचं नाही.

हे पथ्य कुठल्या वैद्याचं नव्हतं, मामांचं होतं. समोरचा मान खाली घालून गप्प बसला की मामा ओट्यावर मांडी घालत आणि सुरू होत. बहुधा बॉयलरची शिट्टी अडकली ती गोष्ट. सगळा कारखाना पळाला आणि हे एकटे चहाचा कप खाली ठेवून परत आत गेले. दर खेपेला शिट्टी जास्त वेळ वाजे. मी हिशेबी माणूस. पळालेल्यांची संख्या जेव्हा कारखान्यातल्या एकूण माणसांच्या पुढे गेली, तेव्हा मी बोट वर केलं. “पाला हाय तोंडात, जावईबापू. शंका मागनं,” ते म्हणाले. मी पाला थुंकेपर्यंत ते पुढच्या गोष्टीत पोचले होते. आतून मामी म्हणायच्या, “सोडा की आता त्यांना, वला पाला वाळला त्यांच्या तोंडात.” एकदा बांधावरून भांडणारे दोन भाऊ, दोघांचीही तोंडं आलेली, मामांनी दोन बाजूंना बसवले आणि मधे बसून बोलत राहिले. भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. पण उठताना त्या दोघांना एकमेकांपेक्षा मामांचा राग जास्त आला होता.

माझ्या दोन्ही गालांत एकदा फोड आले, तेव्हा मी पाला मुद्दाम फक्त डाव्या गालात धरला. दोन्ही बाजू एकाच दिवशी बऱ्या झाल्या. म्हणजे पाल्याने काही होत नाही, असं मी मामांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “रस तिकडं जात नाय व्हय? मधी काय भित हाय?”

मामी गेल्या आणि मुलाने मामांना शेलूला, नव्या इमारतीत आपल्या घरी नेलं. मुलगा-सून मायेची आहेत, पण सकाळी कामाला जातात ती दिवेलागणीनंतर येतात. इमारतीत तोंड कुणाचं आलंच, तर त्याच्याकडे ट्यूब असते. दर रविवारी मी कर्जतहून फोन करायचो. बरं हाय, जेवलो, ठेवतो, एवढंच. मी बोलत राहायचो आणि ते ऐकायचे. याहून वाईट काही मी अनुभवलेलं नाही. सून माझ्या बायकोला म्हणाली की, मामा दिवसदिवस बोलत नाहीत. शेवटी मीच शिट्टीची गोष्ट काढली. “जाऊ द्या हो,” ते म्हणाले. “तुमाला ठावकी हाय की ती.”

गेल्या पावसाळ्याच्या आधी एका रविवारी माझं खरोखरच तोंड आलं. मामांच्या वेलीची फांदी आमच्या कुंपणाला लावली होती, तिचाच पाला चावत बसलो होतो. बायकोने शेलूला फोन लावला आणि माझ्या कानाला टेकवला. मला बोलता येईना.

“हं,” मी म्हणालो.

 “पाला हाय का?” पलीकडून मामांनी विचारलं.

“हं.”

“आपल्या येलीचा?”

“हं.”

“मंग बोलू नका,” मामा म्हणाले, आणि घसा खाकरल्याचा आवाज आला. “आईका. त्या दिशी मी नुकता च्या घेतला व्हता.”

त्या दिवशी शिट्टी खोपोलीपर्यंत ऐकू गेली. माझं बोट वर झालं, पण फोनवर ते कुणाला दिसणार.

तेव्हापासून दर रविवारी मी कुंपणाशी जाऊन पाला तोडतो, चावतो आणि मग फोन लावतो. मामा आधी विचारतात, “बरं नाय वाटलं अजून?” मी “हं” म्हणतो. पंधरवडा कधीच उलटला, त्यानंतर पावसाळा आला नि गेला. मला डॉक्टरकडे जा असं मामा अजून एकदाही म्हणालेले नाहीत.