इंद्रधनुषी माशांचं पाणी

आमच्या परतूरच्या घरात मासे आले ते माझ्या वडिलांच्या कनवाळू स्वभावामुळे. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि हैदराबादेत बड्या घरांतलं सामान मिळेल त्या भावात विकलं जात होतं. वडील सरकीच्या कामासाठी तिकडे गेले होते. एका हवेलीत त्यांना काचेची मोठी पेटी दिसली. लोखंडी चौकट, जाड काचा आणि आत आठ मासे. पेटी एका हलवायाला मिठाई मांडायला हवी होती. मासे नालीत ओतून देऊ, असं तो सहज बोलून गेला. जैन माणसाच्या कानावर असं वाक्य पडलं की त्याची सुटका नाही. वडिलांनी पेटी घेतली, मासे कळशीत सोडले आणि मनमाडच्या गाडीत ती कळशी मांडीवर धरून परतूरला उतरले.

"जीव सोडवून आणले," असं ते भेटेल त्याला सांगत.

आई म्हणाली, "लोक बकरे सोडवतेत, पारवे सोडवतेत. मासे सोडवून घरात आणणारे तुम्हीच पहिले."

पण पेटीचं खरं काम पडलं ते भुवाजींच्या अंगावर. वडिलांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे माझ्या आत्याला, आम्ही मारवाडी पद्धतीनं भुवाजी म्हणायचो. आमच्या पूर्वजांनी राजस्थान सोडून चार पिढ्या झाल्या होत्या. घरात आम्ही आपसात मारवाडी बोलायचो, पण भुवाजींचं निम्मं बोलणं परतूरचंच होतं. सोळाव्या वर्षी विधवा होऊन त्या माहेरी परत आल्या होत्या. पांढरी साडी, दुपारी एकदाच जेवण, उरलेला वेळ सामायिक, म्हणजे आसनावर बसून जपध्यान, आणि धान्य निवडणं. सकाळी ऊन वर आलं की पेलाभर दूध घ्यायच्या, वेलदोडा घातलेलं. पेला दोन्ही हातांनी धरून, सावकाश, डोळे मिटून. त्यांच्या दिवसातली तेवढीच एक गोष्ट त्यांच्या स्वतःसाठी होती, आणि त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

मासे आल्यावर त्या दूध घ्यायला पेटीसमोर बसू लागल्या. हवेलीतल्या नोकरानं माशांचं नाव इंद्रधनुषी सांगितलं होतं. समुंदरापारचे आहेत, असंही म्हणाला होता. दुपारी पाहिलं तर बोटभर लांबीचे, चपटे, राखाडी मासे. एवढं काय त्यात, असं वाटावं. पण सकाळी पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन पेटीवर आलं की अंगावर निळ्या, हिरव्या, शेंदरी रेघा उमटायच्या आणि आठहीजण एकदम वळले की त्या रेघाही वळायच्या. भुवाजींचं दूध गार होऊन जायचं.

आमच्या शाळेतले विज्ञानाचे मास्तर मूळचे कुंभार पिंपळगावचे, शेतकरी घरातले. ते मासे बघायला आले आणि दुसऱ्या खेपेला दुधना नदीतलं पाणगवत आणि चार बारीक मासे लोट्यात घालून घेऊन आले. भुवाजी त्यांना "आपले" म्हणायच्या आणि इंद्रधनुषींना "पाहुणे". पाहुणे आपल्यांना अधूनमधून हुसकायचे, तर भुवाजी काचेवर बोट वाजवून दम द्यायच्या. मास्तर म्हणाले की माशांना डासांच्या अळ्या घाला, चांगले पोसतील.

"मास्तर, एक जीव वाचवायला दुसरा मारायचा का?" भुवाजी म्हणाल्या. "ते बिलकुल जमायचं न्हाई."

मग मासे आमच्याकडे कणकेच्या बाजरीएवढ्या गोळ्यांवर राहिले. राहिले, आणि चांगली तीन वर्षं राहिले.

पाणी ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. विहिरीचं पाणी दुहेरी फडक्यानं गाळायचं आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते फडकं उलटं करून हलक्या हातानं परत त्याच विहिरीत खळबळायचं. दुसऱ्या विहिरीत नाही. ज्या पाण्यातले जीव त्याच पाण्यात. भुवाजी माशांचं पाणीही असंच गाळायच्या. दर चौथ्या दिवशी पेटीतलं थोडं पाणी काढायचं, तेवढंच ताजं घालायचं. मास्तरांनी तसंच सांगितलं होतं.

आता माझं सांगते. मासे आल्याच्या तिसऱ्या वर्षी मी सातवी पास झाले होते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही असतो, पण आता वय बघून लोक सोसतात. मला जालन्याला शिकायला जायचं होतं. तिथे वडिलांच्या चुलतभावाचं घर होतं, मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकता येत होतं. वडील अर्धेमुर्धे तयारही झाले होते. पण थोरल्या बहिणीला विचारल्याशिवाय ते पागोटंसुद्धा नवं घेत नसत.

भुवाजी म्हणाल्या, "पोरीची जात. सातवी झाली, लई झालं. मी एक अक्षर शिकले न्हाई, माझं काय अडलं?"

विषय तिथेच संपला. मी रडले, भांडले, आणि मग भुवाजींशी अबोला धरला. आमच्या घरात मारहाण नव्हती, शिव्या नव्हत्या. भांडण म्हणजे अबोला. जो आधी बोलेल तो हरला. भुवाजींनी ताट वाढलं तर मी जेवायची, पण त्यांनी हाक मारली तर मिठाची गुळणी धरून बसायची.

अबोल्याच्या तिसऱ्या दिवशी पर्युषण सुरू झालं. पर्युषणाचे आठ दिवस म्हणजे आमच्याकडे वर्षभराच्या पापाची झाडलोट. त्या चातुर्मासात गावात साध्वी मुक्कामाला होत्या. आम्ही त्यांना महासतीजी म्हणतो. कच्च्या, म्हणजे न उकळलेल्या, पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात, असं त्यांनी व्याख्यानात सांगितलं होतं आणि भुवाजींनी आदल्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं होतं की आठ दिवस कच्च्या पाण्याला हातच लावायचा नाही. प्यायला त्या उकळलेलंच पाणी घ्यायच्या. प्रश्न राहिला माशांचा. पावसानं विहीर गढूळ झाली होती, पेटीही गढुळली होती. त्यांनी दोन हंडे पाणी खळखळून उकळलं, किडामुंगी पडू नये म्हणून झाकणांवर फडकी बांधून रात्रभर निवत ठेवलं, आणि सकाळी दूध घेऊन झाल्यावर पेटी रिकामी करायला बसल्या. थोडं पाणी नव्हे, सगळंच. पर्युषणात माशांनाही निर्मळ पाणी मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी समोरच्या खिडकीत पुस्तक घेऊन बसले होते. हंड्यांत उकळलेलं पाणी आहे हे मला माहीत होतं. त्या पाण्यात मासा जगत नाही, हेही मला माहीत होतं. मास्तरांनी वर्गात चंचुपात्र तापवून दाखवलं होतं. पाणी तापताना काचेला बारीक बुडबुडे चिकटतात, ती पाण्यातली हवा. मासा त्या हवेवर जगतो. उकळलं की ती निघून जाते. हे मी वहीत लिहून घेतलं होतं आणि परीक्षेत त्याला पूर्ण मार्क मिळवले होते.

भुवाजींनी मासे परातीत काढले. मग पेटी पुसली आणि हंड्यातलं पाणी काचेच्या कडेनं, बाळाला दूध पाजावं इतकं सावकाश, आवाजही होऊ न देता आत सोडलं. उंचावरून धबाधबा ओतलं असतं तर थोडीफार हवा तरी मिसळली असती. मासे आत सोडल्यावर त्या मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "बघ गं, कसं आरशासारखं झालंय."

म्हणजे त्याच आधी बोलल्या. माझा अबोला जिंकला होता, आता मी बोलू शकत होते. पण मी स्वतःला सांगितलं की त्या हे माशांशी बोलतायत, आणि पान उलटलं.

भुवाजी स्थानकात, म्हणजे साध्वी उतरल्या होत्या त्या धर्मस्थानात, व्याख्यानाला गेल्या. आई स्वयंपाकात होती. मासे आणि मी, एवढेच खोलीत उरलो. थोड्या वेळानं पाहुणे एकेक करून वर आले आणि तोंड पाण्याबाहेर काढून उघडझाप करू लागले. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते मी पुढे बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही, पण इथे लिहिते. माझ्या मनात होतं: बघू दे त्यांना, न शिकल्यानं काय अडतं ते. मासे मरतील असं मला वाटलं नव्हतं, निदान मी तसं म्हणते. ते घाबरेघुबरे होतील, भुवाजी येतील, घाबरतील, आणि मग मी उठून शहाणपणानं सगळं सांगेन, असा माझा बेत होता. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच.

पहिला मासा आडवा झाला तेव्हा मी उठले. तांब्या घेऊन पाणी वर-खाली करू लागले, विहिरीचं पाणी आणून ओतलं, हातानं ढवळलं. दुधनेतले चौघे तेवढे जगले. ते वडिलांनी संध्याकाळी पुलाखाली नदीत सोडले. आठही पाहुणे दुपारपर्यंत गेले.

भुवाजी आल्या, पेटीसमोर बसल्या. माझ्या ओल्या बाह्या त्यांनी पाहिल्या आणि त्यांना वाटलं की मी मासे वाचवायला धडपडले. "तू तरी व्हतीस," एवढंच त्या मला म्हणाल्या. रडल्या नाहीत. मेलेल्या माशांवरही रेघा दिसत होत्या, पण फार फिकट.

वडिलांनी मास्तरांना बोलावून आणलं. मास्तरांनी हंडा पाहिला, विचारलं, आणि पाण्यातल्या हवेचं सगळं समजावून सांगितलं. सांगता सांगता त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली पाहिलं. पुढे ते काही बोलले नाहीत, आणि का बोलले नाहीत ते मी त्यांना कधी विचारलंही नाही.

"म्हंजी मी मारले," भुवाजी म्हणाल्या.

"तुम्ही काय जाणूनबुजून केलं का?" मास्तर म्हणाले.

"जाणून न्हाई. पण हात माझाच हाय ना."

मग त्या वडिलांकडे वळल्या. "भाऊ, पोरीला जालन्याला धाड. मी म्हन्ले व्हते, माझं काय अडलं. आज अडलं. घरात एक तरी शिकलेलं माणूस असतं तर हे आठ जीव गेले नसते."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडायची ती वेळ होती, आणि तोंड उघडलं असतं तर जालना गेलं असतं. मी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भुवाजींनी महासतीजींसमोर हात जोडून जन्मभरासाठी दूध सोडलं. आमच्यात प्रायश्चित्ताला नावडतं सोडत नाहीत, आवडतं सोडतात. संवत्सरीला, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, लहानथोर सगळे एकमेकांची क्षमा मागतात. भुवाजी माझ्यासमोर आल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "जाणता-अजाणता तुझं मन दुखवलं असंल तर क्षमा कर." मीही हात जोडून तेच म्हटलं. जाणता-अजाणता. तोंडपाठ होतं ते.

मी जालन्याला गेले, मॅट्रिक झाले, पुढे तिथेच मुलींना शिकवू लागले. लग्न झालं. दर सुट्टीत परतूरला यायची. भुवाजी पहाटे उठून माझ्यासाठी दूध तापवायच्या, त्यात वेलदोडा घालायच्या आणि पेला माझ्या हातात देऊन समोर बसायच्या. स्वतः गरम पाणी घ्यायच्या. मधल्या वर्षांत एका मोठ्या आजारात डॉक्टरांनी दूध घ्यायला सांगितलं, वडिलांनी पाय धरले, तरी त्यांनी घेतलं नाही. त्या आजारानंतर त्या पुरत्या उभ्या राहिल्याच नाहीत. भिंतीला धरून चालायच्या.

मराठवाडा मुंबई राज्यात जाऊन दोनेक वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात एका दुपारी त्या मुगाची डाळ निवडत बसल्या होत्या आणि मी त्यांच्या शेजारी. मला ते ओझं आणखी उचलवेना. मी सगळं सांगितलं. वही, चंचुपात्र, खिडकी, उलटलेलं पान, आणि मनात काय होतं तेही. सांगताना मी खूप रडले.

त्यांचा हात ताटात थांबला. त्या रागावतील असं वाटलं, किंवा जवळ घेतील असं वाटलं. माझी दोन्हींची तयारी होती. त्यांच्या आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं असावं तसं त्यांनी विचारलं, "मंग पोरी, तू काय सोडलं?"

त्या उत्तराची वाट बघत होत्या. सकाळी त्यांनी तापवून दिलेल्या दुधाचा पेला अजून माझ्याजवळ जमिनीवर रिकामा पडला होता.